पांढरीत पुरलेला हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



पिरॅमिडांच्या देशात पुरातत्त्वज्ञांना सर्वांत दुर्मिळ ठरलेली वस्तू म्हणजे साध्या शेतकऱ्याचे घर. राजांची थडगी दगडाची, वाळवंटाच्या कोरड्या काठावर बांधलेली, ती टिकली. ज्यांच्या धान्यावर ती उभी राहिली त्यांची घरे मात्र नदीकाठच्या चिखलाच्या कच्च्या विटांची होती. नाईलच्या पुराचा गाळ हजार वर्षांत सुमारे एक मीटर या गतीने त्यांच्यावर साचत गेला, आणि जुन्या गावांवर नवी गावे वसली. जी टेकाडे उघडी राहिली त्यांच्यावर निराळेच संकट आले. आपल्याकडे ओसाड गावठाणाची पांढरी माती शेतकरी गाड्या भरून शेतात नेऊन घालतो. तशीच 'सेबाख' नावाची ही खतमाती तिकडे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी खणून नेली गेली. पूर्वजांची घरे वंशजांच्या शेतात खत होऊन मिसळली.

तथापि जे थोडे उरले तेही बोलके आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला कोम अल-हिस्न नावाचे टेकाड आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीचे उत्खनन रॉबर्ट वेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ते १९८८ या काळात केले. तेथे सापडले ते चुलींची राख, जळकी बीजे आणि हाडे. बीजे पुष्कळशी चाऱ्याच्या वनस्पतींची होती, आणि ती आली होती जळणासाठी वापरलेल्या शेणातून. याचा अर्थ, गावात गुरे बऱ्याच संख्येने होती आणि त्यांना चारा घालून पोसले जात होते. परंतु खरकट्यात गाईबैलांची हाडे अगदी थोडी निघाली. डुकरांची मात्र पुष्कळ. मग गुरे गेली कोठे?

या प्रश्नावर प्रकाश पडला तो गिझा येथे. पिरॅमिडांच्या पायथ्याशी असलेल्या श्रमिकांच्या वसाहतीचे उत्खनन मार्क लेनर यांनी १९८८ पासून हाती घेतले. तेथील हाडांचा अभ्यास रिचर्ड रेडिंग यांनी केला. गुरे आणि शेळ्यामेंढ्या यांची हाडे तेथे विपुल निघाली. त्यांतील बहुतेक जनावरे कोवळ्या वयाची, आणि गुरे मुख्यतः नर. कोम अल-हिस्नसारख्या गावांनी ही जनावरे पोसली आणि बांधकामाकडे व राजधानीकडे रवाना केली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. शेण गावात राहिले, गुरे वर गेली. डुकराला लांबवर हाकत नेता येत नाही, म्हणून ते शासनाच्या हिशेबातून सुटले आणि गावाच्या वाट्यास आले, असेही मत मांडले गेले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. हे वरकड उत्पादन केवळ राजाच्या ताटात गेले नाही. पिरॅमिड बांधणाऱ्या श्रमिकांच्या पोटातही गेले. प्रश्न इतकाच की, गावाने किती द्यावे हे ठरविताना गावाला कोणी विचारले होते काय? सक्कारा येथील वजीर मेरेरुका याच्या थडग्यातील शिल्पपट याचे उत्तर देतो. कारकून लेखण्या सरसावून बसले आहेत, आणि हिशेबासाठी आणलेल्या गावप्रमुखांवर काठ्या पडत आहेत. वजिराला हे दृश्य लपवावेसे वाटले नाही. उलट ते त्याने आपल्या चिरंतन निवासात कोरून घेतले.

इजिप्तमधील श्रमिकांचा संप आपल्या चळवळीत अनेकांना ठाऊक असतो. इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीत, देर अल-मदिना येथील कारागिरांनी थकलेल्या धान्यवेतनासाठी काम बंद ठेवले. ती वस्ती राजथडग्यांच्या कसबी कारागिरांची होती. तेथे लेखनिक होता, म्हणून संप लेखी नोंदीत आला. परंतु वेतनाचे ते धान्य ज्यांच्या खळ्यावरून उचलले जाई, त्यांची तक्रार लिहिणारा कोणी नव्हता. सामान्य कष्टकऱ्याचे नाव सरकारी दप्तरात आले ते निराळ्या वाटेने. तिसऱ्या अमेनेमहातच्या काळातील एक पपायरस ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. वेठ टाळून पळालेल्या सत्तरहून अधिक माणसांची यादी त्यात आहे. काम सोडून पळून जाणे हाच त्यांचा संप होता, आणि त्याची नोंद ठेवली ती तुरुंगाच्या कारभाराने.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक पद्धत मिळते. एखाद्या राज्याचे वैभव त्याच्या वास्तूंवरून मोजणे सोपे असते, कारण त्या मोजल्या जाव्यात म्हणूनच बांधलेल्या असतात. वितरण कसे होते हे पाहावयाचे तर चुलीपर्यंत जावे लागते: गावात काय पिकले, त्यातले काय शिजले आणि काय गाडीत भरले गेले. योजनांचे आकडे आणि धरणांची उंची यांपुढे दिपून जाणाऱ्या कोणत्याही काळात हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी समाजवादी कार्यकर्त्याची आहे. कोम अल-हिस्नच्या राखेला बोलण्यासाठी साडेचार हजार वर्षे थांबावे लागले. आजच्या गावांना तितके थांबावयास लावू नये.