तीन आण्यांचा प्रश्न आणि लोकप्रतिनिधी

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पहिला अविश्वासाचा ठराव आला. तो आचार्य कृपलानींनी मांडला होता. ठराव फेटाळला जाणार हे उघडच होते आणि तसेच झाले. तरीही ती चर्चा आज स्मरणात आहे, ती वेगळ्या कारणाने. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभागृहापुढे एक हिशेब ठेवला. देशातील २७ कोटी माणसे, म्हणजे सुमारे ६० टक्के जनता, दररोज तीन आण्यांवर जगते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्याच देशात पंतप्रधानांवर दररोज २५ हजार रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप होता. पंडित नेहरूंनी नियोजन मंडळाच्या आधारे १५ आण्यांचा आकडा सांगितला. पुढे सरकारतर्फे गुलझारीलाल नंदांनी साडेसात आण्यांचा आकडा दिला.

यांपैकी कोणता आकडा अचूक, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. राजकीय कार्यकर्त्याने मात्र १५ आणे साडेसातांवर कसे आले, याचा विचार करावा. पंधरा आणे म्हणजे ९४ पैसे. वर्षाचे सुमारे ३४० रुपये. देशाचे उत्पन्न सर्व माथ्यांवर सारखे वाटले, की असा आकडा हाती येतो. ही सरासरी होय. सरासरीच्या तराजूत गिरणीमालक आणि कापूस वेचणारी बाई एकाच पारड्यात बसतात. नेहरू खोटे बोलले नाहीत, गरिबांविषयी त्यांना कळवळा नव्हता असेही कोणी म्हणणार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालू होती. उत्पन्न व खर्चातील विषमतेची माहिती सरकारच्या दप्तरातच होती. परंतु ती सभागृहात यावी म्हणून विरोधी बाकावरच्या एका सदस्याला भांडावे लागले. राज्यकर्त्यांचा जनतेशी तुटलेला संबंध म्हणतात तो हा. त्याचे मूळ अज्ञानात नसते. तळच्या माणसाविषयी विचारण्याची गरजच भासत नाही, तेथे दुरावा सुरू होतो.

हा प्रसंग त्या काळापुरता नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले आणि शहरात माणशी दररोज ३२ रुपये, तर खेड्यात २६ रुपये ही दारिद्र्यरेषा सांगितली. जुलै २०१३ मध्ये तत्कालीन सत्ताधारी पक्षाच्या एका प्रवक्त्याने मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळते असे सांगितले. लोक हसले, संतापले. प्रवक्त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण हसून प्रश्न संपत नाही. ज्याला खानावळीचे बिल स्वतःच्या मजुरीतून द्यावे लागत नाही, त्याला ते पाठ असेल कसे?

म्हणून हा प्रश्न स्वभावाचा नसून वर्गाचा आहे. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा अभ्यास करणाऱ्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या पाहणीनुसार २००९ च्या लोकसभेत ५८ टक्के सदस्य कोट्यधीश होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. येथे दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पंधरा वर्षांत रुपयाची किंमत घसरली आहे आणि मुंबईत साधे राहते घरही माणसाला कागदोपत्री कोट्यधीश करते. शिवाय २०२४ च्या खासदारांची सरासरी मालमत्ता ४६ कोटी निघते, ती मोजक्या अतिश्रीमंतांमुळे फुगलेली आहे. १५ आण्यांच्या सरासरीवर जो आक्षेप, तोच येथेही लागू. पण एवढी सूट देऊनही उरते ते पुरेसे बोलके आहे. भूमिहीन, हातगाडीवाला, कंत्राटी कामगार, मोलकरीण हे मतदारयादीत आहेत. सभागृहात ते जवळजवळ नाहीत.

ते का नाहीत, याचे उत्तर निवडणुकीच्या खर्चात आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये झाली. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये रोज होती. म्हणजे कायद्याने मान्य केलेला खर्च सुमारे ३२ हजार दिवसांच्या मजुरीइतका झाला. वर्षाला १०० दिवस काम धरले, तर ती ३२० वर्षांची कमाई! आणि पक्षाच्या स्वतःच्या प्रचारखर्चाला तर कायद्याने मर्यादाच नाही. हा पैसा जो पुरवतो, त्याचा फोन प्रतिनिधी प्रथम घेतो; मतदाराची पाळी त्यानंतर येते.

दुराव्याचे दुसरे कारण असे की, राज्यकर्ता वर्ग सार्वजनिक सेवांतून बाहेर पडला आहे. त्याची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत, त्याचे आजारी आईवडील सरकारी दवाखान्याच्या रांगेत नाहीत, तो एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर उभा राहत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर व लोकप्रतिनिधी यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत, असा आदेश दिला. तो अमलात आला नाही. यात नवल नाही. ज्यांनी तो अमलात आणायचा, त्यांच्याच घरी त्याची झळ लागणार होती.

मग जनतेने हताश व्हावे काय? महाराष्ट्राचा अनुभव तसे सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. कामासाठी, दामासाठी मोर्चे निघाले. त्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, आणि त्यासाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर १९७५ चा व्यवसाय कर बसला. त्या विधिमंडळात खडी फोडणारे बसले नव्हते. पण त्यांची संघटित मागणी दाराशी उभी होती आणि ती मांडणारे प्रतिनिधी आत होते. त्याच सुमारास मृणालताई गोरे मुंबईच्या बायकांबरोबर पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध रस्त्यावर होत्या. आमदारकी त्यांना त्या कामातून मिळाली, आणि आमदारकी मिळाल्यावर ते काम सुटले नाही.

आता थोडे कटू बोलले पाहिजे. समाजवादी पक्षांना या दुराव्याचा स्पर्श झाला नाही, असे मानणे आत्मवंचना ठरेल. उमेदवारीच्या बैठकीत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द तेथेही शिरला आहे, आणि त्याचा सरळ अर्थ पैसा व जात असाच होतो. वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या, वस्तीत रेशनकार्डांसाठी खेटे घालणाऱ्या कार्यकर्तीचे नाव यादीत शेवटी येते आणि पैशाचे कारण सांगून प्रथम गळते. जो पक्ष आपल्या घरात ही निवड करतो, त्याला इतरांच्या कोटींवर बोट ठेवण्याचा अधिकार राहत नाही.

पक्षाला चार गोष्टी लगेच करता येतील. इच्छुकाला किती खर्च करणार हे विचारू नये. निधी लोकांकडून लहान रकमांत गोळा करावा आणि त्याचा जमाखर्च जाहीर करावा. निवडून आलेल्याने दरवर्षी गावच्या व वस्तीच्या सभेत उभे राहून कामाचा हिशेब द्यावा. आणि प्रत्येक शाखेने आपल्या भागातील मजुरी, रेशन, भाडे, औषधोपचार यांचे टिपण ठेवावे, म्हणजे सभागृहात सरासरी सांगितली गेली, की तळचा आकडा हाताशी असेल. लोहिया सभागृहात एकटे नव्हते. तीन आण्यांवर जगणारा माणूस त्यांच्या हिशेबात होता. तो हिशेब पुन्हा मांडण्याचे काम शाखांपासून सुरू व्हावे लागेल.