जज बदलून मिळतील का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या लोणी काळभोर परिसरात जमिनीचे दावे कमी नाहीत. कट्ट्यावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "काका, आमचे जज समोरच्या पार्टीकडं झुकलेत. बदलून मिळतील का?" त्यावर थोडं बोलतो.

उदाहरण पुण्यातूनच निघालेलं आहे. पुणे महापालिकेसाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला मालकांना दिला नाही, कोर्टात भरला नाही, सरकारी तिजोरीत ठेवला. 2014 साली सुप्रीम कोर्टानं ते भूसंपादन संपुष्टात आल्याचं ठरवलं. 2018 साली न्या. अरुण मिश्रा यांच्या खंडपीठानं बहुमतानं तो निकाल चुकीचा म्हटला. मग प्रश्न पाच जणांच्या घटनापीठाकडे गेला आणि प्रमुख पुन्हा न्या. मिश्राच! "यांचं मत आधीच ठरलंय, यांनी बाजूला व्हावं," अशी मागणी झाली. 23 ऑक्टोबर 2019 रोजी त्यांनी ती फेटाळली. आधी मत दिलं म्हणजे पक्षपात नव्हे, आणि पक्षकाराला जज निवडता येत नाही, हे त्यातलं सार. बाकी चौघंही सहमत झाले. 6 मार्च 2020 ला पुण्याचा निकाल फिरला.

उलट, जानेवारी 2022 मध्ये कृष्णा पाणीवाटपाच्या प्रकरणातून न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा स्वतःहून बाजूला झाले. कारण एक महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकचे.

तेव्हा तात्पर्य काय? जजचा पैशाचा किंवा नात्याचा संबंध असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टात दावा वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. पक्षपात सिद्धच व्हावा लागत नाही. शहाण्या माणसाला वाजवी शंका यावी, एवढं पुरे. पण तारीख लवकर दिली, वकिलाला झापलं, अंतरिम अर्ज फेटाळला, ही कारणं चालत नाहीत. आणि माहीत असूनही गप्प बसलात, निकाल विरुद्ध गेल्यावर ओरडलात, तर कोर्ट ऐकत नाही. हे सुप्रीम कोर्टानं 1957 सालीच सांगितलंय.

माझं मत विचाराल तर, नकार कायद्यात बसला, पण ज्याची जमीन गेली त्याच्या मनातली शंका काही गेली नाही. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसावा लागतो.

म्हणून समितीला एकच विनंती. गळती, पार्किंग, थकबाकी, विषय ज्याच्या स्वतःच्या किंवा भावकीतल्या फ्लॅटचा, त्यानं तेवढ्यापुरतं उठून बाहेर जावं. कुणी सांगायची वाट पाहू नये. पुढची पंचवीस वर्षं भांडणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत.