वाटेवरचा साप आणि डोक्यावरचे ऊन



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि उसाच्या फडावर झाले. तेव्हा फडावर जे शिकलो तेच आपल्यापुढे ठेवतो.

सुट्टी लागली की आपण कोकणात, ताडोबाला, देवदर्शनाला निघता. त्याच सुमारास दुसरे प्रवासी घरी परतलेले असतात. दसरा-दिवाळीला बीड, अहिल्यानगर जिल्ह्यांतील माणसे मुकादमाची उचल घेऊन घर सोडतात. ट्रकमध्ये भांडी, धान्य, शेळी आणि लेकरे भरून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यात, कर्नाटकातही जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव पडले आहे! मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि पाच-सहा महिने तेच घर. आपणांस आणि त्यांना भेटणारा साप एकच, ऊनही एकच. मग धोका सारखा का नाही, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम सापाचे पाहू. ज्यांच्या दंशाने आपल्याकडे माणसे दगावतात असे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा पुष्कळदा वेदना होत नाही, खूणही दिसत नाही. पुढे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि शेवटी श्वास बंद पडू लागतो. घरचे म्हणतात, काही बाधले असेल. म्हणून भुईवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याचे डोळे मिटू लागले, तर थेट दवाखाना गाठावा.

दंश झाल्यावर कापू नये, तोंडाने विष ओढू नये, दोरीने करकचून आवळू नये. अंगठी, जोडवी, पैंजण उतरवावेत. हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते. तेव्हा साप शोधून मारण्यात वेळ दवडू नये. झोपताना बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, चालताना बॅटरी आणि पायांत जोडा, एवढ्याने पुष्कळ दंश टळतात.

दुसरा बिबट्या. जुन्नरच्या बाजूला तो उसातच राहतो. मादी उसातच पिले घालते. उभ्या माणसाला तो सहसा बिचकतो. वाकलेला, बसलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका अधिक. समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये. उभे राहून आवाज करीत हळूहळू मागे सरावे. फडात पिले दिसली तर हात न लावता दूर व्हावे आणि वनखात्याला कळवावे. आई जवळपास असते.

तिसरे ऊन. ते साप-बिबट्यासारखे दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. लोक तेथे दूरदूरहून आले होते. बारा ते तीन सावलीत असावे, डोके सुती कापडाने झाकावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. माणूस बरळू लागला, अंग भाजू लागले, की तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

हे सारे नियम आम्ही कोप्यांवरही सांगतो. आमच्या मायबहिणी ऐकून घेतात आणि विचारतात, “भाऊ, बाज कुठं ठेवू?” कोपीत चूल, धान्य, चार माणसे, आणि भिंत कशाची, तर बांबू-पाचटाची. संडास नाही, म्हणून अंधारात उसाकडे जावे लागते. दुपारी सावलीत बसा म्हणावे, तर मजुरी टनावर. बसले की टन भरत नाही आणि उचल फिटत नाही. सहलीच्या माणसाला सावधगिरी म्हणजे पिशवीत चार जिनसा जास्त. कोयत्याला सावधगिरी म्हणजे बुडालेली मजुरी!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. रोग उपेक्षित का राहतो? कारण रोगी उपेक्षित असतो. “सावध राहा” हा उपदेश फुकटचा आहे. सावध राहता येईल अशी सोय करण्यास पैसा आणि मन लागते.

आमची मागणी मोठी नाही. कोप्यांच्या जागी दिवे, संडास आणि बाजा. फडावर पाणी व सावली. भर दुपारी मजुरी न कापता विसावा. आणि जवळच्या रुग्णालयात प्रतिविष. आपल्यांत कारखान्यांचे सभासद असतील, डॉक्टर असतील, अधिकारी असतील. आणि साखर तर आपण सारेच खातो. यंदा प्रवासाला निघताना वरचे नियम जरूर पाळा. मात्र येत्या दसऱ्याला टोळ्या आपल्या वेशीवरून जातील, तेव्हा त्यांना ते पाळता येतील काय, एवढे विचारावयास विसरू नका.