पाहुण्यांना काय दाखवायचे?

मंडळी, गणपतीला पुण्या-मुंबईचे पाहुणे सांबऱ्याच्या विमानतळावर उतरतात आणि विचारतात, "बेळगावात बघण्यासारखं काय आहे?" आम्ही सांबरेकर हातावर कुंदा ठेवतो आणि गोकाकच्या धबधब्याची वाट सांगतो. यंदा त्यांना आधी किल्ल्यात नेऊया.

बेळगाव म्हणजे जुने वेणुग्राम, रट्ट राजांची राजधानी. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास किल्ल्यात कमल बस्ती बांधली. तिच्या छतातले दगडी कमळ मान वर करून निवांत पाहावे. त्याच किल्ल्यात असदखानाने १५१९ मध्ये उभारलेली साफा मशीद आहे. पुढे टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर दाखवावी. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते.

किल्ल्यातले १२०४ चे दोन शिलालेख मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. येथील रट्ट जिनालयाला दिलेली दाने त्यांत नोंदली आहेत. गुजरात, केरळकडच्या व्यापाऱ्यांचाही त्यांत उल्लेख आहे. म्हणजे परगावच्या माणसांचा राबता इथे आठशे वर्षांचा!

दगड दूर गेले, तरी त्यांची हकीकत सांगणारे आपल्या घरात हवेत. म्हणून या उत्सवात पाहुण्यांना शहर दाखवण्याचे काम आपण मुलांवर सोपवूया. सांगता सांगता गाव त्यांचेही होईल.

गणपती बाप्पा मोरया!