पैसे भरा, संशय टाळा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

विमानाने फिरणाऱ्यांचे प्रश्न आपण कशाला हाती घ्यायचे, असं काहींना वाटेल. पण बाईच्या अंगाला कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने हात लावायचा, हा प्रश्न आपलाच आहे. अमेरिकेतल्या विमानतळांवर त्यातून बऱ्याच अंशी सुटका विकत मिळते.

२००१च्या हल्ल्यानंतर तिथली झडती टीएसए या सरकारी यंत्रणेकडे आली. २०११ मध्ये तिने ‘प्रीचेक’ सुरू केलं. २०१३च्या अखेरीपासून ८५ डॉलर भरून पाच वर्षांसाठी कोणाही नागरिकाला अर्ज करता येऊ लागला. बोटांचे ठसे द्यायचे, जुने गुन्हे तपासले जातात. मग रांग वेगळी, पट्टा किंवा लॅपटॉप काढायला नको, आणि बहुधा संपूर्ण शरीराच्या स्कॅनरऐवजी साध्या धातुशोधक चौकटीतून जायचं.

तो स्कॅनर कृष्णवर्णीय बायकांच्या वेण्यांवर, केसांच्या ठेवणीवर विनाकारण इशारा देतो, असं ‘प्रोपब्लिका’ने २०१९ मध्ये मांडलं. मग केसांत बोटं घालून झडती! त्याआधी, २०१५ मध्ये, एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या पाठपुराव्यानंतर टीएसएने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं मान्य केलं होतं. म्हणजे तक्रार सगळ्यांची, पण लगेच सुटका फक्त पैसे भरणारीची.

समर्थक म्हणतात, शुल्क हा चौकशीचा खर्च आहे, आणि काही प्रवासी बाजूला गेले की उरलेली रांगही लवकर सरकते. त्यात तथ्य आहे. पण चौकशी सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असेल तर तिचा खर्च सरकारने का उचलू नये? सेवेतल्या सैनिकांना ती मोफत आहेच. महागडी क्रेडिट कार्डं बाळगणाऱ्यांना अनेकदा हे शुल्क परत मिळतं. तासावर मजुरी मिळवणाऱ्या बाईला मात्र ते खिशातूनच भरावं लागतं.

‘क्लिअर’ ही तर खाजगी कंपनी. वर्षाला सुमारे २०० डॉलर घेऊन ती ग्राहकाला ओळखपत्र तपासणीच्या रांगेत थेट पुढे नेते. त्याचा वाचलेला वेळ मागे उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली बाई भरते. क्लिअरला वेगळी रांग सक्तीची करणारं विधेयक २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात आलं. विमानसेवक-सेविकांच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला, मोठ्या विमान कंपन्यांनी विरोध केला, आणि ते बारगळलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बूट न काढण्याची मुभा वर्षानुवर्षं पैसे भरणाऱ्यांना विकली गेली. जुलै २०२५ मध्ये बूट काढण्याची सक्ती सर्वांसाठीच उठली. म्हणजे जे विकलं जात होतं, ते सगळ्यांना देता येत होतं.

मुलीच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आयाही याच लांब रांगेत उभ्या असतात. म्हणून आपली मागणी स्वस्त सवलतीची नसावी. झडती गरजेपुरती, सन्मानाची आणि सर्वांना सारखी असावी. जिथे जिथे सरकारी रांगेला दर लागतो, तिथे विचारूया: हा त्रास गरजेचा आहे, की विकण्यासाठी राखून ठेवलेला?