घुमारा : गिटारचा आणि घराचा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत आजवर स्वराज्यापासून साखर कारखान्यापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. त्या ओळीत इलेक्ट्रिक गिटार बसवताना संयोजकांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले असावे. पत्रिकेवर माझा विषय वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, ते तर मुलांचे खूळ. त्यात सांगण्यासारखे काय?" त्यांना मी एवढेच म्हणालो, की आपण या सभागृहात जरा लवकर या. ते आले आहेत. साडेपाच वाजता खुर्च्या रिकाम्या असताना आम्ही दोघे येथे उभे राहिलो आणि मी एक टाळी वाजवली. ती टाळी छताशी गेली, मागच्या भिंतीला लागली, फिरली आणि मग विरली. आता तुम्ही सर्व बसला आहात. हीच टाळी आता वाजवतो. ऐकलीत? जागच्या जागी मेली. भिंती त्याच, छत तेच. मधल्या तासाभरात फक्त माणसे आली. माझा विषय तो हाच.

आवाज उठल्यानंतर खोलीत जो रेंगाळतो, त्याला पुस्तकांतून कोणी निनाद म्हणतात, कोणी अनुरणन म्हणतात. गिटार वाजवणारी मुले त्याला रिव्हर्ब म्हणतात. मी आपला घुमारा हा साधा शब्द वापरणार आहे. प्रतिध्वनी मात्र वेगळा. कात्रजच्या जुन्या बोगद्यात किंवा किल्ल्याच्या कड्यावर आपण नाव घेऊन हाक मारतो आणि तेच नाव स्पष्ट परत येते, तो प्रतिध्वनी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या एकदशांश सेकंद तरी मागे राहिला, तर कान त्याला वेगळा ओळखतो, असे आपण शाळेत शिकलो. तारेवरच्या नखीसारख्या टोकदार आवाजाला त्याहून कमी अंतरही पुरते. विजापूरच्या गोलघुमटात हे उत्तम कळते. १६५६ च्या सुमारास पुरा झालेल्या त्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. सज्जात उभे राहून टाळी द्यावी, तर आवाज समोर जाऊन परत यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून तेथे एकेक परतणारी टाळी मोजता येते, आणि वाटाडे ती मोजून दाखवतातही. खोलीत भिंती जवळ असतात. परतणारे आवाज शेकड्यांनी येतात, एकमेकांत मिसळतात, कानाला ते निरनिराळे लागत नाहीत. मूळ आवाजालाच एक शेपूट फुटल्यासारखे वाटते. तो घुमारा.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

तीसेक वर्षांपूर्वी माझी एक मावसबहीण भावगीते गात असे. गळा गोड, पण स्वभावाने अतिशय भिडस्त. घरच्यांच्या आग्रहावरून एका लग्नात तिचे चार गाण्यांचे गाणे ठरले आणि साथीला तबला, पेटी व माझी इलेक्ट्रिक गिटार. महिनाभर आम्ही आमच्या घरच्या माजघरात तालीम केली. गाद्या घातलेल्या, शेजारपाजारची वीसेक माणसे ऐकायला बसलेली. माझ्याजवळ तेव्हा नवीनच घुमाऱ्याची पेटी आलेली होती. तिची बटणे मी त्या माजघरात मनाजोगी लावली, खडूने खुणा करून ठेवल्या आणि कार्यालयात जाऊन नेमक्या त्याच खुणांवर आणली. कार्यालय म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. मुहूर्त लांबला, पंगत आधी बसली, आणि तीनशे माणसांच्या जागी शंभरेकच समोर उरली.

पहिले गाणे कसेबसे झाले. दुसऱ्याच्या अंतऱ्यात ती थबकली, पुन्हा उचलायला गेली, सूर सापडेना, आणि ती उठून गेली. मंडळी म्हणाली, मुलीची तयारी नव्हती. मीही तसेच समजलो. नव्हे, एकदोघांपाशी तसे बोललोही. त्यानंतर कित्येक वर्षे ती चारचौघांत गायली नाही.

तयारी तिची नव्हे, माझी नव्हती, हे मला पुढे वॉलेस सॅबिन यांच्याविषयी वाचताना कळले. हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे तरुण प्राध्यापक. १८९५ मध्ये विद्यापीठाने नव्या फॉग कलासंग्रहालयात व्याख्यानासाठी एक दालन बांधले आणि त्यात वक्त्याचा एक शब्द कळेना. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद तेथे घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पंधरा शब्द बोलून जातो. मग श्रोत्याच्या कानात काय खिचडी होत असेल पाहा. अध्यक्षांनी सॅबिनना सांगितले, यावर काही उपाय काढा. सॅबिन रात्री, रस्ते शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजण्याचे घड्याळ घेऊन त्या दालनात बसत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांवरच्या उशा मदतनिसांकडून उचलून आणवीत, ठराविक संख्येने मांडीत, नळी वाजवून थांबवीत आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ टिपीत. सकाळ होण्याआधी उशा परत! अशा उशा वाहून वाहून या गृहस्थांनी एक नियम हाती आणला, आणि १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिम्फनी सभागृह त्या नियमाच्या आधाराने बांधले गेले. संगीताला ते आजही नावाजलेले आहे.

नियम सोपा आहे. खोलीचे घनमीटर घ्या, त्याला ०.१६ ने गुणा आणि खोली जेवढा आवाज गिळते त्याने भागा. जे येते ते सेकंद, म्हणजे आवाजाची शक्ती दशलक्षांश व्हायला लागणारा काळ. गिळणे कशात मोजायचे? उघड्या खिडकीत. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हे माप. त्या मापाने कपडे घातलेला एक माणूस साधारण अर्धी खिडकी असतो!

आता आमच्या माजघराचा हिशेब करू. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच, साठ घनमीटर. रिकाम्या, गिलावा केलेल्या भिंती मिळून सुमारे तीन खिडक्या गिळतात. म्हणजे घुमारा सव्वातीन सेकंदांच्या घरात. वीस माणसे बसली, की आणखी नऊ खिडक्या. एकूण बारा. घुमारा आठदशांश सेकंदावर येतो. कार्यालय तीस मीटर लांब, पंधरा रुंद, सहा उंच धरा. २७०० घनमीटर. भिंती, फरशी, पत्रा मिळून साठ खिडक्या समजा. तीनशे माणसे असती तर सव्वादोन सेकंद. शंभर होती, म्हणून चार सेकंद. त्या चार सेकंदांवर मी माझ्या पेटीतून आणखी तीन सेकंदांची शेपटी जोडीत होतो. दर मात्रेला गिटारचा स्वरमेळ बदले, पण आधीचा स्वरमेळ मरत नसे. आणि त्या मुलीने षड्ज घ्यायचा कोणावरून? तिच्या कानात तीन वेगवेगळे स्वरमेळ एकदम उभे होते. पंगत आटोपून माणसे परत आली असती, तर कदाचित ती तगलीही असती. एका पंगतीवर एखाद्याचे गाणे अवलंबून असते, हे कोणाला खरे वाटेल?

कोणी म्हणेल, मग ही पेटी हवीच कशाला? ती हवी, याचे कारण या वाद्याच्या जातीत आहे. सारंगीला तीसाहून अधिक तरफा असतात, सतारीलाही असतात. मुख्य तार थांबली तरी त्या मंद बोलत राहतात. साध्या गिटारला पोकळ पोट असते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे. ते फक्त तारेची हालचाल जाणतात. खोली त्यांना ऐकूच येत नाही. म्हणून हा आवाज मुळात कोरडा, रेशनच्या भाकरीसारखा. त्याला तूप वरून लावावे लागते.

ते तूप कसकसे लावले गेले, हा मोठा गमतीचा इतिहास आहे. १९४७ मध्ये शिकागोचे बिल पटनम यांनी ध्वनिमुद्रणासाठी चक्क स्नानगृह वापरले. १९५७ मध्ये एका जर्मन कंपनीने दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला. आवाज त्यात सोडायचा आणि दुसरीकडून वेचायचा. पण गिटारवाल्यांचा जीव जडला तो स्प्रिंगवर. घरगुती ऑर्गन बनवणारे लॉरेन्स हॅमंड यांच्याकडे तक्रार येई, की चर्चमधला ऑर्गन दिवाणखान्यात कोरडा वाटतो. गालिचे, पडदे, गाद्या, दुसरे काय होणार! दूरच्या टेलिफोनवर बोलणे उशिरा पोचते, त्याचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगांचे एक साधन केले होते. हॅमंड यांनी ती कल्पना उचलली. स्प्रिंगमधून कंप हळू सरकतो, टोकाला आपटून परत फिरतो. हातभर डब्यात आख्खे सभागृह! १९६१ मध्ये लिओ फेंडर यांनी हा डबा गिटारसाठी वेगळा विकायला काढला, आणि १९६३ पासून तो ॲम्प्लिफायरच्या पोटातच बसवला. मंडपातल्या हलत्या फळ्यांवर असा ॲम्प्लिफायर ठेवून कोणी जवळून धावले, की ढग गडगडल्यासारखा आवाज होतो. तो कशाचा हे आता ध्यानात येईल. गणिताने घुमारा करण्याची वाट मानफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये दाखवली, आणि आजच्या तळहाताएवढ्या पेट्या त्याच वाटेने चालतात.

या पेट्यांवर तीनचार बटणे असतात. मिक्स म्हणजे मूळ आवाजात घुमारा किती मिसळायचा. डिके म्हणजे शेपूट किती लांब. तेच आपले सॅबिनचे सेकंद. टोन म्हणजे शेपूट चकचकीत की मळकट. खऱ्या खोलीत पडदे आणि माणसे तीव्र स्वर आधी गिळतात, म्हणून थोडी मळकटच खरी वाटते. प्री-डिले म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांमधली फट. मुले या बटणाकडे बघत नाहीत, आणि माझ्या मते तेच सर्वांत कामाचे आहे. वीस ते चाळीस सहस्रांश सेकंदांची फट ठेवली, की नखीचा आघात स्वच्छ बाहेर पडतो आणि मोठी जागा असल्याचा भास मागून येतो. घुमारा कमी न करता शब्द मोकळे होतात.

लावायचे कसे? आधी डिके. लयीकडे पाहा. मिनिटाला साठ मात्रांची लय असेल, तर एक मात्रा एक सेकंदाची. स्वरमेळ दर दोन मात्रांना बदलत असेल, तर दोन सेकंदांत शेपूट विरलीच पाहिजे. जलद लयीत ती अर्धी करावी. मग मिक्स शून्यापासून वाढवीत न्यावे, घुमारा आहे असे जाणवले की थांबावे आणि किंचित मागे यावे. तो बंद केल्यावर चुकल्यासारखे वाटावे, चालू असताना मात्र त्याच्याकडे लक्ष जाऊ नये. आवाज फाडणारी पेटी वापरत असाल, तर घुमारा तिच्या पुढे, म्हणजे शेवटी जोडावा. फाडणारी पेटी बारीक आवाजाला उचलून मोठ्याच्या बरोबरीला आणते. तिच्या आधी घुमारा दिला, तर ती शेपटीचेच डोके करून ठेवते. आणि हे सर्व ॲम्प्लिफायरजवळ उभे राहून ठरवू नये. कोणाला तरी वाजवायला सांगून शेवटच्या रांगेत जावे, आणि गाणारा गात असतानाच ऐकावे. एकट्या गिटारला जो घुमारा शोभतो, तो साथीत बहुधा अर्ध्याने जास्त असतो. मुख्य म्हणजे जागा आधी काय देते ते टाळी वाजवून विचारावे. तिच्याजवळ चार सेकंद असतील, तर आपले बटण शून्यावर ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

हे सर्व उमगले, तेव्हा मी मावसबहिणीकडे गेलो आणि आकडे मांडून तिला दाखवले. तिने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "दादा, तेव्हा मला वाटलं, माझा कानच गेला." एवढी वर्षे ती तेच धरून बसली होती.

आज ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. आता मी एकच चाल तीनदा वाजवतो आणि तिच्यावर आपल्या परिचयाची एक ओव्हीसारखी ओळ ही आमची विद्यार्थिनी गाईल. पहिल्यांदा कोरडी, मग माफक घुमाऱ्यात, मग त्या दिवशीच्या खुणांवर. ओळीतला शब्द कळेनासा झाला, की मागच्या मंडळींनी हात वर करावा. पुढच्यांनी करू नये; त्यांना शेवटपर्यंत कळत राहील.

तबलजी, लय जरा संथ धरा.