न मागितलेलीं पत्रें

१९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत गॅरी थर्क या विक्रीखात्यांतील अधिकाऱ्यानें आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील सुमारें ४०० जणांस एकदमच धाडिली. तक्रारी झाल्या, पण थर्क यांच्या सांगण्याप्रमाणें संगणकहि खपले! मर्म येथेंच आहे. टपालाच्या पत्रास तिकीट धाडणारा लावतो, म्हणून तो हात आंखडून लिहितो. ई-मेलच्या हजार प्रतींस त्याला जवळजवळ कांहींच पडत नाहीं. खर्च होतो तो वाचणाऱ्याचा वेळ. नऊशें नव्याण्णव वैतागले, तरी एक गिऱ्हाईक पुरतें. बरें, नको तें गाळावयास चाळणी बसवावी, तर तिच्यांत एखाद्याचें नेमणुकीचें पत्रहि अडकून राहतें. म्हणून त्या केराच्या टोपलींतहि अधूनमधून डोकावणें हेंच शहाणपणाचें.